कोपराएवढी शेड

मी रंगारी. म्हणजे होतो. आता गुडघे शिडीला नाही म्हणतात, त्यामुळे सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरातच असतो. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढे मास्तरांना माझा कंटाळा आला आणि मला त्यांचा. ही वही मुलीने दिली. म्हणाली, "आप्पा, दिवसभर भिंतीकडे बघत बसता, त्यापेक्षा काहीतरी लिहा." मी म्हटलं, भिंतीकडे बघायचेच तर लोक मला चाळीस वर्षं पैसे देत होते.

तर मांजरीबद्दल लिहितो. माणसांबद्दल लिहिलं की माणसं भांडायला येतात.

मांजर माझी नव्हती, हिची. ही म्हणजे माझी बायको. ती फाल्गुनात गेली. पोटाचं दुखणं निघालं आणि दोन महिन्यांत सगळं आटोपलं. आता आधी एक गोष्ट कबूल करतो, जी मी ती जिवंत असताना तिच्यासमोर कधी केली नाही. रंग मी मारायचो, पण रंग बनवायची ही. गिऱ्हाईक पडद्याचं फडकं घेऊन यायचं, म्हणायचं, मिस्त्री, भिंत अशी पाहिजे. मी शेडकार्ड उघडून मान हलवत बसायचो. ही फडकं एकदा उन्हात धरायची, एकदा सावलीत, मग डब्यात पिवळ्याचे चार थेंब, काळ्याचा एक, लाल नुसतं काडीला लावून. काडीने ढवळायची. भिंतीवर बोटभर लावायची, वाळला की फडकं शेजारी धरायची. जुळलेलं असायचं. गिऱ्हाईक माझी पाठ थोपटायचं. ही गप काचपेपर उचलून घासायला लागायची. नजर तिची, हात माझा. नाव माझ्या हाताचं झालं.

मांजर मिळाली तीसुद्धा त्या नजरेवरच.

लासलगावला एका कांदा व्यापाऱ्याचा बंगला रंगवायला घेतला होता. आम्ही दोघं महिनाभर तिथेच राहत होतो, मागच्या खोलीत. खाली सासरे कांद्याची प्रत लावायचे, हा लाल, हा उन्हाळ, ही गोलटी. वर त्यांची सून मांजरांची प्रत लावायची. पर्शियन मांजरं. बशीत तोंड आपटल्यासारखी चपटी नाकं आणि अंगावर एवढे केस की मांजर कुठे संपते आणि गादी कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. त्यांना स्वतंत्र खोली होती, त्या खोलीत एसी होता. आम्हाला पंखा होता.

खोली रंगवायची म्हणून मांजरं दाखवायला तिने आम्हाला वर नेलं.

"ही निळी," सूनबाई म्हणाली.

मी बघितलं. मांजर सिमेंटच्या पोत्यासारखी राखाडी.

"ताई, ही राखाडी आहे."

"काका, जगभर हिला निळीच म्हणतात. कागदावरही निळीच लिहितात."

"मग जगाने शेडकार्ड बघितलेलं नाही."

हिने मला बरगडीत कोपर मारलं. "गप बसा ओ. तिची मांजर आहे. ती हिरवी म्हणेल, तुम्हाला काय करायचंय?"

पुढची मांजर काळी होती. सूनबाईने तिच्या पाठीवर फुंकर मारली तर केसांच्या मुळाशी सगळं पांढरं. हिला धुराची म्हणतात. मला ती आवडली. खाली पांढऱ्या रंगाचा हात, वर काळ्याचा हात, दोन्ही एकसारखे, कुठे थेंब ओघळलेला नाही. त्यानंतरची पट्ट्यापट्ट्यांची होती, कपाळावर कोणीतरी कटिंगच्या बारीक ब्रशने रेघा ओढल्यासारखी. आणि एक होती तिच्यात काळं, तांबूस, क्रीम सगळं एकात एक घुसलेलं. मी ब्रश ज्याला पुसतो ते फडकं अगदी तसंच दिसतं. सूनबाई म्हणाली, सगळ्यात जास्त मागणी हिलाच. मी काही बोललो नाही. कोपर जवळच होतं.

कोपऱ्यात एका टोपलीत चार पिल्लं होती. आठवड्याची असतील. चारही पांढरीफेक.

"ही पॉइंटची आहेत," सूनबाईने सांगितलं. "जन्मतात तेव्हा सगळी पांढरी. मग हळूहळू कान, तोंड, पाय आणि शेपूट यांना रंग येतो. अंग क्रीमच राहतं. कोणाला कोणता रंग येणार ते मात्र आत्ता सांगता येत नाही."

"का येत नाही?" ही म्हणाली.

तिने हात साडीला पुसले, एकेक पिल्लू उचलून खिडकीशी नेलं, कानाची कड उजेडात धरून बघितली, नाक बघितलं, तळपाय बघितले. जसं फडकं बघायची तसंच.

"हे गडद चॉकलेटी. हे तुमचं निळं. हे विटकरी. आणि हे पुन्हा गडद चॉकलेटी, पण पहिल्यापेक्षा काळ्याचा एक थेंब कमी."

सूनबाई एवढी हसली की सासरे खालून ओरडले, काय झालं म्हणून. ती म्हणाली, "मावशी, चारही बरोबर निघाले तर एक तुमचं."

बंगला पूर्ण व्हायला महिना लागला. पिल्लांना रंग चढायलाही तेवढाच. चारही बरोबर निघाले. थेंब कमीवालं तेसुद्धा बरोबर निघालं, दोन्ही शेजारी ठेवली तेव्हा मलाही दिसलं. सूनबाई शब्दाची पक्की. ते चौथं पिल्लू आणि त्याच्या खानदानाचा कागद, दोन्ही हिच्या हातात दिले. कागदावर मांजरीचं नाव एवढं लांब होतं की आमच्या तिघांची नावं आडनावासकट त्यात मावली असती. खाली रंगाच्या जागी सील पॉइंट लिहिलं होतं, म्हणजे हिचं गडद चॉकलेटी. हिने कागद रेशनकार्डाच्या डब्यात ठेवला आणि पिल्लाला म्हणाली, "मने, चल."

मी म्हटलं होतं, मांजर नको. आपल्या दोन खोल्यांत तिचे केस मावायचे नाहीत. ऐकतंय कोण.

नऊ वर्षं मनी आमच्याकडे राहिली. अंग सायीसारखं, तोंड जळक्या कढईसारखं, डोळे निळे. खरे निळे, ते मी मान्य करतो. ही रोज संध्याकाळी दारात बसून तिला विंचरायची आणि मनी दवाखान्यात इंजेक्शन घेणाऱ्यासारखा चेहरा करून बसायची.

शेवटी शेवटी ही फार बोलत नव्हती. एकदा म्हणाली, "मनीला रोज विंचरा." मी म्हटलं, बरं. मला वाटलं अजून काही सांगेल. बँकेचं, घराचं, माझं. काही नाही. मनीला विंचरा.

तेराव्याला मुलीने विषय काढला. मुलगी पुण्याला असते, एकुलती एक, आणि स्वभाव आईवर गेला आहे.

"आप्पा, मनीला मी घेऊन जाते."

"नाही."

"तुम्हाला स्वतःला दोन वेळ जेवायचं भान नाही, मांजरीचं काय करणार?"

"मांजरीला भान आहे. ती मला उठवते."

"तिचे केस कोण बघणार?"

"मी बघणार. आयुष्यभर ब्रशच धरलाय हातात."

बरीच वादावादी झाली. शेवटी तिने निकाल दिला. "वर्षश्राद्धाला मी येईन. तोपर्यंत मनी तुमच्याकडे. आली की बघेन. नीट असली तर राहील. नाहीतर त्याच दिवशी पुण्याला."

मी हो म्हटलं. आता खरं सांगतो, मला मांजरीची माया वगैरे नव्हती. पण मी न्हाणीत गेलो की ती दाराबाहेर येऊन बसायची, ही आत असली की बसायची तशीच. दार उघडलं की तिथे कोणीतरी असायचं. ते जर पुण्याला गेलं असतं तर दार उघडून मी काय बघणार होतो? मोरीचा पाट?

विंचरणं मला जमलं नाही. उन्हाळाभर मी फणी घेऊन तिच्या मागे आणि ती कपाटाखाली. दिवाळीपर्यंत तिच्या पोटाखाली, काखेत गाठी झाल्या. मग मी विचार केला. हिला मी चाळीस वर्षं स्वतःचे केस विंचरताना बघितलं होतं. ती काय करायची? आधी तेल, मग फणी. कोरड्या केसांना फणी कधीच लावली नाही. इथेच आपलं चुकतंय. खोबरेलाची बाटली घेतली आणि मनीला नीट, मुळांपासून टोकापर्यंत, एक हात मारला. वाळू दिला. दुसरा हात मारला.

त्यात थंडी पडली. नाशिकची थंडी ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. निफाडकडे बागायतदार द्राक्षं वाचवायला पहाटे बागेत शेकोट्या पेटवत होते. माझ्या घरात बाटलीतलं तेल गोठलं. मांजरीवरचंही गोठलं. त्यावर घरातली सगळी धूळ बसली. रात्री धुवायचा विसरलेला ब्रश सकाळी कसा होतो, काठीला लाकूड आणि टोकाला पण लाकूड, तशी मनी झाली. चालली की आवाज यायचा.

टोपलीत घालून नाक्यावरच्या जनावरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरीण तरुण, माझ्या मुलीपेक्षाही लहान.

"काका, हिला काय लावलंय?"

"खोबरेल."

"का?"

"विंचरायला."

"मांजरीला?"

"केस आहेत ना तिला?"

तिने माझ्याकडे बघितलं, मांजरीकडे बघितलं आणि मशीन आणायला सांगितलं. गाठी कातडीपर्यंत गेल्या होत्या, सगळं काढावं लागेल म्हणाली. तासाभराने मनी बाहेर आली. डोकं आणि शेपटीचा गोंडा तेवढा ठेवलेला, मधे सोललेली कोंबडी. माझ्याकडे बघून तिने जे तोंड केलं ते मी लिहीत नाही. डॉक्टरीण म्हणाली, "थंडी फार आहे. अंगात काहीतरी उबदार घाला."

उबदार म्हणजे काय घालणार? हिचा कामावरचा स्वेटर होता. मूळचा मरून. नाशिकमधल्या दोनशे घरांचे थेंब त्यावर. उजव्या कोपराला भोक, कारण ही उजव्या हाताने घासायची आणि दमली की तेच कोपर भिंतीला टेकवून उभी राहायची. आधी ते भोक रुपयाएवढं होतं, मग लिंबाएवढं झालं. मी किती वेळा म्हटलं शिवून घे. म्हणायची, "राहू द्या, हवा येते."

कात्री घेतली आणि उजवी बाही खांद्यापासून कापली. कापायच्या आधी जरा वेळ लागला. कात्री बोथट होती म्हणा.

पुढच्या पायांसाठी दोन भोकं पाडली आणि मनीला आत घातलं. माझे दोन्ही हात रक्तबंबाळ झाले. स्वेटर घातलेली मांजर आधी उभीच राहीना. एका कुशीवर पडली. उचलून उभी केली, दुसऱ्या कुशीवर पडली. मग भिंतीला घासत तिरकी चालायला लागली. शेजारची म्हातारी कुंपणावरून डोकावून म्हणाली, "भाऊ, मांजर हाय का पायमोजा?"

मी तो स्वेटर दोन महिने काढला नाही. लोकांना सांगितलं की घालताना एवढं ओरबाडलं, पुन्हा कोण घालणार. ते खोटं नाही. पण त्याला अजून हिचा वास होता. खोबरेल, टर्पेंटाईन आणि ती. काढला असता तर धुवावा लागला असता.

जानेवारीत मुलीचा व्हिडिओ कॉल आला. मनी माझ्या मांडीवर होती. मागचे पाय, ढुंगण आणि खांदे स्वेटरच्या बाहेर. तिथे नवे केस चांगले बोटभर आले होते. मुलगी बोलता बोलता थांबली.

"आप्पा, ही कोण?"

"मनी."

"ही मनी नाही. मनी क्रीम आहे. ही तर करपलेल्या भाकरीसारखी आहे."

मी खाली बघितलं. रोज बघत होतो म्हणून लक्षात आलं नव्हतं. खांदे, मांड्या, सगळीकडे चॉकलेटी.

"आप्पा, खरं सांगा. मी रागावणार नाही. मनी हरवली ना? आणि तुम्ही दुसरी आणली ना?"

"मी दुसरी आणणार? मला पहिलीच नको होती!"

"आईची मांजर कुठे आहे, आप्पा?"

ती रागावली नाही, ते त्याहून वाईट होतं. तिने फोन ठेवला. मी शेडकार्ड काढलं. मनीच्या जुन्या रंगाची पट्टी मला पाठ होती, हिने एका बंगल्याच्या दिवाणखान्याला तोच रंग मारायला लावला होता. पट्टी मनीच्या मांडीवर धरली. जुळायचं नाव नाही. उन्हात नेली. सावलीत नेली. पाच शेडचा फरक.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. दवाखान्यात त्या दिवशी शेजारच्या पिंजऱ्यात अशीच एक चपट्या नाकाची मांजर होती. बदलली. त्यांनी मांजर बदलली.

शेडकार्ड काखेत मारून आणि मांजर टोपलीत घालून मी दवाखान्यात गेलो. बाहेर कुत्री घेऊन बसलेली माणसं होती, मी त्यांच्या आधी आत घुसलो.

"डॉक्टरबाई, ही घ्या तुमची मांजर आणि आमची परत द्या."

"काका, ही तुमचीच आहे."

मी टेबलावर शेडकार्ड उघडलं. "ही आमची शेड. आणि ही हिची शेड. तुम्हीच सांगा."

बिचारीने शेडकार्ड बघितलं. मग मला खुर्ची दिली. म्हणाली, "काका, या जातीच्या मांजरींचा रंग थंडीवर असतो. अंगाला जिथे ऊब असते तिथे केस फिका येतो, जिथे गार लागतं तिथे गडद. म्हणून तर कान, पाय आणि शेपूट काळी. पोटात असताना ऊब असते, म्हणून पिल्लं पांढरी. आपण भर थंडीत केस काढले, उघड्या अंगावर गडद केस आले. उन्हाळ्यात केस झडले की पुन्हा क्रीम येईल."

"डॉक्टरबाई, चाळीस वर्षं रंगात काढली. उन्हाने रंग उडतो, हे मी बघितलंय. थंडीने रंग चढतो, हे मला सांगू नका."

"स्वेटर काढा, मी तपासून दाखवते."

"थंडी आहे," मी म्हटलं आणि टोपली उचलली. बाहेरच्या कुत्र्यांनी मला वाट दिली.

पुढचा महिना फार अवघड गेला. कारण आता घरात कोण राहतंय हेच मला ठाऊक नव्हतं. तिची परीक्षा घेतली. "मने" म्हटलं, आली. पण सुक्या बांगड्याचा डबा उघडला की कोणतीही मांजर येते. न्हाणीच्या दाराशी बसायची. पण थंडीत बंबाशेजारी कोण बसणार नाही? कधी वाटायचं हीच ती, कधी वाटायचं परक्याची. परक्याची असली तर तिच्यावर आवाज चढवायचा मला हक्क नाही, म्हणून मी तिच्याशी पाहुण्यासारखा वागायला लागलो. गादीवर बसली असली तर मी खाली बसायचो. एकदा तर तोंडातून "सरका जरा" निघालं.

आणि ज्या एका माणसाला विचारलं असतं तर कानाची कड बघून एका मिनिटात सांगितलं असतं, त्याच माणसाचं वर्षश्राद्ध जवळ येत होतं. मला हिची आठवण एरवी भाजीत मीठ जास्त पडलं की यायची. त्या महिन्यात शेडकार्ड बघून यायला लागली.

मुलगी दोन दिवस आधी आली. हातात मांजर न्यायचा प्लास्टिकचा पिंजरा. चपला काढायच्या आधी तो खोलीच्या मधोमध ठेवला. सगळं ठरवून आली होती. ही आईची मांजर नसेल तर तिला हिच्याशी देणंघेणं नव्हतं, आणि असेल तर तिची दशा बघून नेणारच होती. मी दोन्हीकडून गेलो होतो.

"हे काय घातलंय तिला?" तिने विचारलं. मग जवळ गेली. "हा आईचा स्वेटर आहे. आप्पा, तुम्ही आईचा स्वेटर कापला?"

"बाहीच फक्त."

"आणि बाहेर एवढं ऊन आहे. काढा तो आधी."

आम्ही दोघांनी मिळून काढला. तिने डोकं धरलं, मी बाही ओढली. मनीने दोघांनाही सारखंच ओरबाडलं.

स्वेटर सुटला आणि मी मांजर सोडून मागे सरकलो.

आतलं अंग क्रीम होतं. पूर्ण क्रीम. दिवाणखान्याची शेड. खांद्यापाशी चॉकलेटी संपत होतं आणि कमरेपाशी पुन्हा सुरू होत होतं, आणि मधे बाहीएवढी मांजर सायीसारखी. दाराला रंग मारताना काचेवर आपण कागद चिकटवतो, काम झालं की कागद ओढतो, खाली काच कोरी निघते, तसं. कडा जरा फुटलेल्या. कागद नीट दाबला नाही की फुटतात तशा.

डॉक्टरीण खरं बोलत होती. मी तिच्या टेबलावर शेडकार्ड आपटून आलो होतो.

"अगं, मास्किंग झालंय!" मी ओरडलो. "ऊब लागली तिथे कोरं, गार लागलं तिथे रंग! मनीच आहे ही! मनीच आहे!" आणि मुलीला कान, पोट, पिल्लं, एसी, निफाड सगळं एका दमात सांगून टाकलं. तिला काही कळलं नसणार. कारण ती माझ्याकडे बघतच नव्हती. मनीच्या उजव्या कुशीकडे बघत होती.

क्रीमच्या मधोमध एक चॉकलेटी डाग होता. गोल. लिंबाएवढा.

मला कळेना. बाहीच्या आत गार कुठून लागलं? मुलीने जमिनीवरची बाही उचलली. मनीच्या पाठीवर पसरली, थोडी पुढे सरकवली, थोडी फिरवली. भोकातून तो डाग बरोबर दिसला. ना कमी ना जास्त.

"आप्पा," ती म्हणाली, "आईचं कोपर आहे हे."

मी चहा ठेवतो म्हणून आत गेलो. बराच वेळ आत होतो. चहा ठेवलाच नाही. बाहेर आलो तेव्हा मुलगी जमिनीवर बसली होती, तळहाताने तो डाग झाकत होती, काढत होती, परत झाकत होती. मनीने कधी नव्हे ते करू दिलं.

वर्षश्राद्ध झालं. दोन दिवस मनीच्या जाण्याराहण्याबद्दल कोणी बोललं नाही. मनी मात्र त्या पिंजऱ्यात जाऊन झोपायला लागली, पुण्याची गाडी आत्ताच लागल्यासारखी. मला ते जरा लागलं. विंचरलं नाही, तेल थापलं, बोडकी केली, पायमोजा घातला, परकी म्हटलं. जाईल नाहीतर काय.

निघायच्या दिवशी मुलीने पिंजरा तिरका करून मनीला बाहेर ओतली.

"राहू दे तुमच्याकडे," ती म्हणाली. "माझ्याकडे खिडक्या बंद असतात, थंडी लागतच नाही. तिथे ती नुसती क्रीम होईल."

"इथेही होईल. डॉक्टरीण म्हणाली, उन्हाळ्यात केस झडतात."

"झडू दे. तोवर तुम्ही बघा." मग दारातून वळली. "आणि आप्पा, तेल लावलं तर मी दुसऱ्या गाडीने परत येईन."

दवाखान्यात जाऊन डॉक्टरीणबाईंची माफी मागितली. त्यांनी मांजरीचा ब्रश दिला, तारांचा, आणि धरायचा कसा ते शिकवलं. मी म्हटलं, बाई, मला ब्रश धरायला शिकवता? पण चुकीचाच धरत होतो. आता रोज संध्याकाळी दारात बसतो. मनी तोच इंजेक्शनचा चेहरा करते.

चैत्र गेला, वैशाखात केस सुटायला लागले. रोज ब्रशमध्ये थोडं चॉकलेटी यायचं. डाग लिंबाचा सुपारीएवढा झाला. मग मी पलंगाखालची पेटी काढली. रंगात थेंब टाकायच्या स्टेनरच्या बाटल्या निम्म्या वाळल्या होत्या, पण निम्म्या चालू होत्या. एका वाटीत पांढरा घेतला, पिवळा टाकला, काळा टाकला, लाल काडीला लावला. आयुष्यात पहिल्यांदा शेड मी बनवत होतो. ढवळलं आणि भिंतीवर लावलं, दाराशेजारी, ही उभी राहून दम खायची तेवढ्या उंचीवर. वाळू दिलं. मनीला उचलून तिचा डाग शेजारी धरला. नाही जुळलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. एकदा फार पिवळं, एकदा सिमेंट. म्हणजे निळं. मनी आता सवयीने स्वतःच भिंतीशी येऊन बसते, कधी एकदा धरतो आणि सोडतो असं करून.

परवा मुलीचा कॉल आला.

"आप्पा, मागे भिंतीवर कसले डाग पडलेत? ओल आली का?"

"ओल नाही. शेड जुळवतोय."

तिने तोंड फोनजवळ आणलं.

"जुळली?"

मी फोन भिंतीपाशी नेला, मग मनीपाशी. जे काय उरलंय त्याच्यापाशी.

"नाही," मी म्हटलं. "जरा लाल मारतेय."

"मग काळ्याचा एक थेंब टाका," मुलगी म्हणाली.

टाकला आहे. वाळतोय.